सकाळी आणि रविवारी फुटणारी गाडी

शिरवण्याचा रस्ता जिथे ठाणे-बेलापूर रोडला येऊन मिळतो, तिथे एका भेंडीच्या झाडाला टेकून बाळारामचं गॅरेज उभं होतं. उभं म्हणायचं ते आपलं म्हणायला. चार वासे, वर कुठल्याशा कंपनीच्या भंगारातले पत्रे, आणि गिऱ्हाइकाला बसायला मोडक्या बसमधलं एक बाकडं. नावाची पाटी नव्हती. तुर्भ्यापासून बेलापूरपर्यंत कुणाचीही दुचाकी रुसली की लोकच सांगायचे, "बाळारामकडे न्या. त्याला नुसती ऐकवा."

ते ऐकवणं अगदी खरं होतं. बाळाराम मूळचा सारसोळ्याचा कोळी. बापाची होडी होती, खाडीत जाळं पडत होतं. पण पोराला मासळीपेक्षा इंजिनाचा नाद. पंधराव्या वर्षी तो रेती वाहणाऱ्या पडावावर, त्या मोठ्या होडीवर, कामाला लागला. पडावाचं डिझेल इंजिन गंगाराम नावाचा म्हातारा चालवायचा. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तो स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या अंगाला लावायचा, मूठ कानावर दाबायचा आणि मान खाली घालून ऐकत राहायचा. "बोलतंय," म्हणायचा. "नोझल चोंदलाय म्हनतंय." उघडून बघावं तर नोझल चोंदलेलाच. सहा वर्षांत बाळारामने ही विद्या पुरती उचलली. पुढे खाडीकाठी कारखाने आले, तसा तो एका कारखान्यात फिटर झाला. अठ्ठ्याहत्तर साली त्या कारखान्याला टाळं लागलं, तेव्हा त्याने भेंडीखाली पाने-हातोडे मांडले.

बाकी माणूस गोड. कुणाला अडवणार नाही, खोटा पार्ट टाकणार नाही. खोड एकच. गिऱ्हाईक आपल्या गाडीचं दुखणं सांगायला लागलं, की हा तेलकट हात वर करायचा. "तुमी नका सांगू साहेब. तिला सांगू द्या. मानूस काय, कायपन सांगतो."

घरीही तीच गत. बायको कमळी दिवाळे गावची. रोज सकाळी पाटीत बोंबील, मांदेली घेऊन ती नेरूळच्या नव्या सेक्टरांमधून जिने चढायची-उतरायची आणि दुपारी परतताना गॅरेजवर टेकायची. अंगाने सुक्या बोंबलासारखी, पण आवाज चौथ्या मजल्यापर्यंत पोचणारा. ती दिवसभराचं सगळं सांगायची. कुठल्या बाईने घासाघीस केली, कुठल्या बिल्डिंगीत वॉचमनने अडवलं. बाळाराम कार्ब्युरेटरमध्ये डोकं घालून "हूं, हूं" करायचा. दोन पोरी लग्न होऊन गेल्या तरी त्या हुंकारात फरक पडला नव्हता.

पंच्याऐंशीच्या दिवाळीनंतर एके दिवशी श्यामसुंदर गाडी ढकलत आला.

श्यामसुंदर तुर्भ्याला एका बँकेत हेडक्लार्क होता. दादरच्या दोन खोल्या सोडून वर्षभरापूर्वीच नेरूळला फ्लॅटमध्ये राहायला आला होता. गाडी म्हणजे साडेतीनशे सीसीची, इंग्रजी बनावटीची जुनी मोटारसायकल, पुण्याच्या काकांनी जाताना पुतण्याला दिलेली. टाकीवरचं नाव कधीच खरवडून गेलेलं, पण निकेल अजून चमकत होतं. श्यामसुंदर दर रविवारी ते चिंचेने घासायचा.

"मिस्त्री, ही फुटते हो," तो घाम पुसत म्हणाला. "सायलेन्सरमधून असा बार निघतो, की कुत्री पळतात. आणि मग ओढच नाही. धापा टाकते. तीन ठिकाणी दाखवली..."

बाळारामचा हात वर गेला.

बाळारामने किक मारली. चौथ्या किकेला गाडी सुरू झाली, दोनदा खाकरली, आणि सायलेन्सरमधून फट्ट असा आवाज आला. भेंडीवरचे कावळे उडाले. बाळारामने स्क्रूड्रायव्हर लावून ऐकलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. एक दुखणं असतं तर ऐकू आलं असतं. इथे चार जण एकदम बोलत होते.

"आधीच्यांनी काय काय केलंय, बगतो," तो म्हणाला. "उद्या या."

उघडल्यावर कळलं, तिन्ही मिस्त्र्यांनी आपापली अक्कल चालवली होती. एकाने कार्ब्युरेटरचं जेट सुईने मोठं केलेलं, त्यामुळे पेट्रोल ढसाढसा आत जात होतं आणि प्लग काजळीने काळाठिक्कर. दुसऱ्याने टॅपेट इतके आवळले होते, की व्हॉल्व्ह धड मिटतच नव्हते. तिसऱ्याने ठिणगी पाडणारे पॉइंट घासून घासून वाकडे करून ठेवले होते. सायलेन्सर जिथे इंजिनाला मिळतो तिथली रिंग तर कुणी घातलीच नव्हती. बाळारामने सगळं पहिल्यापासून मांडलं. नवं जेट, नवे पॉइंट, टॅपेटला बेताची जागा. मग टायमिंग, ठिणगी पडायची नेमकी वेळ. पॉइंटच्या फटीत त्याने सिगारेटचा पातळ कागद धरला, इंजिन हाताने हळूहळू फिरवलं आणि कागद अलगद सुटला तिथे खूण केली. सायलेन्सरची रिंग बसवली. दुसऱ्या दिवशी पहिल्या किकेला गाडी सुरू झाली आणि अशी संथ डगडग वाजू लागली, की रस्त्यापलीकडचा चहावालाही वळून बघायला लागला. बाळारामने तुर्भे नाक्यापर्यंत चक्कर मारली. जाताना नाही, येताना नाही, एकदाही फुटली नाही.

श्यामसुंदरने गाडी नेली. तिसऱ्या दिवशी तो परत आला.

"मिस्त्री... परत फुटली."

"कवा?"

श्यामसुंदर जरासा घुटमळला. "सकाळी."

"आता सांजच्याला?"

"आता नाही. आता मस्त चालली."

बाळारामने मान डोलावली. सकाळी म्हणजे दंव. खाडीकाठची हवा, रात्रभर गाडी उघड्यावर, मीठ आणि ओल वायरींवर बसणार. त्याने कंडेन्सर बदलला, प्लगची टोपी आणि वायर बदलली, टाकी खाली उतरवून धुतली. तिच्यातून चमचाभर गंजाचं पाणी निघालं, तेव्हा त्याला समाधान वाटलं. कार्ब्युरेटर जिथे इंजिनाला जोडतो तिथे साबणाचं पाणी सोडून हवा गळते का तेही पाहिलं. नव्हती गळत. दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम सकाळी सहाला, दंव पडलं असताना, गाडी घेऊन थेट वाशीच्या पुलापर्यंत जाऊन आला. बोटं गारठली, पण गाडी फुटली नाही.

आठवडा गेला. सोमवारी संध्याकाळी श्यामसुंदर पुन्हा हजर.

"सकाळीच ना?" बाळाराम म्हणाला.

"हो. आणि काल."

"काल रविवार व्हता."

"हो, रविवारीही फुटते."

बाळाराम कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघतच राहिला. तीस वर्षं इंजिनं उघडली, पण वार बघून फुटणारी गाडी त्याने ऐकली नव्हती. "रविवारी सकाळी?"

"नाही. दुपारी. चेंबूरला जाताना. सासुरवाडीला."

"सायेब, मंग शनवारी?"

"शनिवारी सकाळी फुटते. दुपारी नाही फुटत." एवढं बोलून श्यामसुंदर चष्मा पुसायला लागला. चष्मा स्वच्छच होता.

आता बाळारामने विचारायला हवं होतं. सकाळी कुठे जाता, कोण कोण असतं, रस्ता कुठला. पण विचारायची सवयच नव्हती. तो म्हणाला, "ठेवून जा. या टायमाला हेड उघडतो."

त्याने इंजिनाचं हेड उघडलं. व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासले, नव्या स्प्रिंगा टाकल्या, सगळं पुन्हा बसवलं. चार दिवस गेले. बाकीच्या गाड्या रांगेत उभ्या राहिल्या. तो जेवायला बसला तरी ताटाच्या कडेवर बोट वाजवत राहायचा, डग, डग, डग. कमळीने एकदा कालवण वाढता वाढता विचारलं, "तुना झायलाय काय?" तो म्हणाला, "हूं."

गाडी गेली आणि बुधवारी परत आली. या वेळी श्यामसुंदर ओरडला नाही, चिडला नाही. किल्ली बाकड्यावर ठेवून म्हणाला, "राहू दे इथेच. मी बसने जातो. तुम्ही खूप केलंत मिस्त्री." ते "खूप केलंत" बाळारामला शिवीपेक्षा लागलं. गाडी झाडाखाली तशीच उभी राहिली. जाणारायेणारा विचारायचा, "काय बाळारामशेट, ही अजून इथंच?" बाळाराम दुसऱ्या गाडीत डोकं घालायचा. गंगाराम जिवंत असता तर त्याच्याकडे गेलो असतो, असं त्याला दिवसातून दोनदा वाटायचं.

शनिवारी दुपारी एक बाई रस्त्याने चालत आली. चाळिशीच्या आतबाहेरची, गोरी, अंगाने भरलेली, सुती साडी, खांद्याला वह्यांची पिशवी. झाडाखालची गाडी दिसताच ती थबकली, मग धीर करून पत्र्याखाली आली.

"बाळारामदादा तुम्हीच ना? मी सुनीती. ही गाडी ज्यांची आहे ना, त्यांची मिसेस. वाशीला शाळेत शिकवते."

बाळारामने घाईघाईने बाकडं पुसलं. "बसा बाई."

ती बसली नाही. "एक विनंती करायला आले. तुम्ही यांना सांगा की ही गाडी आता दुरुस्त होणार नाही. विकून टाका म्हणावं. माझं ऐकणार नाहीत. काकांची आठवण आहे ना. तुमचं ऐकतील."

"पन बाई, गाडी चांगली हाय. इंजिन तर... मी सोता उघडलंय. लोन्यासारखं चालतंय."

"तुम्ही चालवता तेव्हा चालतं," सुनीती म्हणाली. "हे एकटे असले तरी चालतं." ती पिशवीचा बंद पिळत राहिली. "मी बसले की फुटते."

बाळारामच्या हातातला पाना हातातच राहिला.

"सकाळी हे मला शाळेत सोडतात. रविवारी आम्ही माझ्या आईकडे जातो. तेवढंच. मी उतरले की गाडी शहाणी. सोसायटीत सगळ्यांना माहीत झालंय. सकाळी आवाज झाला की वरच्या सरस्वतीबाई गॅलरीतून म्हणतात, निघाल्या वाटतं मास्तरीणबाई. पोरं खिडकीत येऊन उभी राहतात. यांनीही एकदा चार लोकांत गंमत केली, की आमची गाडी हिला सलामी देते. सगळे हसले. मीही हसले. मग घरी येऊन..." तिने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "त्यांच्या मनात वाईट नव्हतं. नंतर त्यांना कळलं, तेव्हापासून ते हा विषयच काढत नाहीत. तुम्हालाही सांगितलं नसेल."

"नाय सांगितलं," बाळाराम म्हणाला. "सकाळ न रविवार सांगितलं."

"मग झालं तर. मी बसनेच जात जाईन. पण मग हेही बसने जातात, मी एकटी नको म्हणून. आणि इथे गाडी गंजत पडली." तिने पहिल्यांदाच गाडीकडे नीट पाहिलं. "मला आवडायचं हो तिच्यावर बसायला. लग्नानंतर पंधरा वर्षांनी कुठे असं दोघंच फिरायला मिळालं होतं."

बाळारामला स्वतःची लाज वाटली. महिनाभर तो स्क्रूड्रायव्हर लावून ऐकत होता, आणि या दोन माणसांपैकी एकालाही त्याने धड प्रश्न विचारला नव्हता. पण लाज वाटता वाटताच डोक्यात चक्रं फिरायला लागली. मागे माणूस बसलं की फुटते. एकट्याने चालवताना मागची सीट रिकामी. मग इंजिनात काही नाहीच. जे आहे ते...

"बाई, तुमी जरा मागं बसता? एक चक्कर मारू."

सुनीतीचा चेहरा एकदम मिटला. "नको. प्लीज. इथे रस्त्यावर नको."

नेमकी त्याच वेळी कमळी आली. डोक्यावर रिकामी पाटी, कपाळावर घाम. पाटी उतरवायच्या आत बाळारामने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "कमळे, चल. गाडीवर बस."

"कोन? मी?"

"तूच. मागं बस."

"येरा झायला काय तू? डोकं फिरलं?" कमळी बाकड्याजवळ खिळून उभी. "अवघ्या जन्मात कवा बसलीय मी फटफटीवर? तू कवा बसवलीय?"

हे खरं होतं. गावातल्या निम्म्या गाड्या या माणसाच्या हाताखालून गेल्या, पण त्याची स्वतःची गाडी म्हणून कधी नव्हतीच. तो सायकलने यायचा, ती पायी. कमळीने सुनीतीकडे पाहिलं. तिचा पडलेला चेहरा तिला दिसला असावा, कारण पुढे तिने काही विचारलं नाही. नऊवारीचा काष्टा आवळला, पाटी मांडीवर घेतली आणि एका बाजूला पाय सोडून बसली. "पाडलीस तर बघ," एवढंच म्हणाली.

गाडी निघाली. कमळीने एका हाताने पाटी आणि दुसऱ्या हाताने नवऱ्याचा शर्ट इतका घट्ट धरला, की त्याचं वरचं बटण तुटलं. बाळाराम कान देऊन चालला होता. रस्ता कारखान्यांच्या ट्रकांनी खणून काढलेला. एक खड्डा गेला, दुसरा गेला. गाडी संथ डगडग वाजत होती. तुर्भ्याच्या अलीकडचा मोठा खड्डा आला, त्यात त्याने मुद्दाम घातली. कमळी किंचाळली. गाडी फुटली नाही.

त्याने गाडी बाजूला घेतली. कमळीचं वजन ते काय असणार. भरलेली पाटी तिच्याहून जड. रस्त्याच्या कडेला बांधकामासाठी खडीचा ढीग टाकला होता, त्यात मोठे दगडही होते. बाळाराम उतरला, दोन चांगले दगड उचलले आणि तिच्या मांडीवरच्या पाटीत ठेवले.

"आता हे काय?"

"धर नीट. सांगतो मंग."

"मासली विकून पाय मोडले माजे, न तू दगड ठेवतंस..." पण तिने धरले.

गाडी वळवून तो परत त्याच खड्ड्याकडे आला आणि आत घातली. मागून फाट्कन असा बार निघाला, की समोरून येणाऱ्या सायकलवाल्याने थेट गटारात उडी घेतली. कमळीने नवऱ्याच्या पाठीत मूठ घातली. बाळाराम मोठमोठ्याने हसत होता. तिने त्याला असं हसताना शेवटचं कधी पाहिलं होतं, ते तिलाही आठवेना.

"काय झायला?"

"घावली, कमळे! घावली!" आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने इंजिनाबद्दलची गोष्ट तिला सगळी सांगितली, रस्त्याच्या कडेला उभं राहून. मागे वजन आलं की सीट खाली दबते. खाली वायर असते, ठिणगीची वीज नेणारी. ती कुठेतरी सोललेली असणार. खड्ड्यात सीट तिच्यावर बसली, की ती गाडीच्या लोखंडी चासीला टेकते आणि क्षणभर ठिणगी बंद. न जळलेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये जातं. वायर सुटली की ठिणगी परत येते, आणि तिकडे साचलेलं सगळं एकदम पेट घेतं. धाडकन.

कमळीने सगळं ऐकून घेतलं. मग पाटीतल्या दगडांकडे बघत म्हणाली, "म्हंजे त्या बाईच्या वजनानं."

"हां."

"मंग तिना काय सांगशील?"

हे बाळारामच्या ध्यानातच आलं नव्हतं. कमळीने दोन्ही दगड एकेक करून उचलले आणि ढिगाऱ्यावर परत टाकले. "मी बसली, न फुटली," ती म्हणाली. "एवढाच. कललं?"

गॅरेजवर सुनीती उभीच होती. तिने बार लांबून ऐकला होता. तिच्या चेहऱ्यावर भीती आणि आशा एकत्र दिसत होती.

"फुटली ना?" तिने विचारलं.

"फुटली!" कमळी पाटी बडवत उतरली. "बसली नाय तर फुटली! कान बसले माजे. बाई, ही गारी बायकांना बघूनच फुटते वाटतं!"

सुनीतीने कमळीच्या काटकुळ्या दंडांकडे पाहिलं, मग गाडीकडे, आणि तिला हसू आलं. आधी थोडंसं, मग इतकं की तिला त्या बाकड्यावर बसावं लागलं.

बाळाराम तोवर सीटखाली शिरला होता. नट सोडून त्याने सीट उलटी केली. मागच्या स्प्रिंगचं एक वेटोळं मोडलेलं, त्याचं टोक खाली वाकडं आलेलं. त्या टोकाखाली वायरचं रबर करवतल्यासारखं कापलं गेलं होतं आणि आतलं तांबं उघडं पडलेलं, काळं झालेलं. वायरच्या शेजारी चासीवर डागासारखी जळकी खूण होती. महिनाभर तो टाकी, हेड, कार्ब्युरेटर उघडत होता आणि दुखणं हातभर अंतरावर बसून होतं.

"हे बगा बाई." त्याने तिला जवळ बोलावलं, आणि ती वाकून बघायला लागली. "स्प्रिंग तुटलेली हाय. कोनपन बसलं असतं, तरी टेकलीच असती. स्प्रिंग काकांच्या टायमालाच मोडली असंल. काकांच्या मागं कोन बसायचं नसंल, म्हनून कळलं नाय."

"काकांचं लग्नच नव्हतं झालं," सुनीती म्हणाली.

"मंग बरोबर," बाळाराम म्हणाला.

वायर बदलायला पाऊण तास लागला. नवी वायर त्याने रबरी नळीतून ओवली, सीटपासून लांब, चासीच्या आतल्या अंगाने नेली आणि चार ठिकाणी बांधली. दोन्ही स्प्रिंगा नव्या टाकल्या, जाड तारेच्या. तोवर सुनीती आणि कमळी बाकड्यावर बसून बोलत होत्या. कमळी तिला मांदेली भाजायची रीत सांगत होती, सुनीती वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेत होती. काम झाल्यावर बाळाराम म्हणाला, "आता तरी बसता बाई?" ती उठली, पदर खोचला आणि बसली. त्याच खड्ड्यातून तो तिला दोनदा घेऊन गेला. गाडीने ब्रसुद्धा काढला नाही.

संध्याकाळी श्यामसुंदर गाडी न्यायला आला तेव्हा बाळारामने त्याला जरा बाजूला घेतलं.

"सायेब, एक सांगू? तुमी मला सकाळ न रविवार सांगितला. बाई बसतात, ते का नाय सांगितलं?"

श्यामसुंदरचे कान लाल झाले. "तुम्हीच तर बोलू देत नव्हता." मग खरं ते बोलला. "आणि मला वाटलं, तुम्ही म्हणाल वजन जास्त आहे. ते मी घरी कसं सांगणार होतो? एकदा बोलून बसलोय, तेवढं पुरे आहे."

बाळारामला त्याच्यावर रागावता येईना. "स्प्रिंग मोडली व्हती," तो म्हणाला. "बाकी काय नाय. न माजंपन चुकलं."

सोमवारी सकाळी साडेसहाला नेरूळच्या त्या सोसायटीत कुठलाच आवाज झाला नाही. सरस्वतीबाई सवयीने गॅलरीत आल्या, तर मास्तरीणबाई नवऱ्याच्या मागे बसून केव्हाच वळणापलीकडे गेलेल्या. हे कमळीने त्याच दिवशी जिन्यावर ऐकलं आणि दुपारी बाळारामला सांगितलं. बाळारामने कार्ब्युरेटर खाली ठेवला आणि विचारलं, "मंग सरस्वतीबाई काय म्हनाल्या?" कमळी पाटी बाजूला सारून बाकड्यावर ऐसपैस बसली. मग तिने सगळं सांगितलं, अगदी सुरुवातीपासून.

त्यानंतर गॅरेजवर हात वर करायची खोड गेली. म्हणजे पुरती गेली असं नाही, कधीमधी हात उठायचा, पण अर्ध्यावर थांबायचा आणि बाळाराम विचारायचा, "मागं कोन बसतं?" काही गिऱ्हाइकांना तो प्रश्न चोंबडा वाटायचा. ओळखीचे लोक हसून उत्तर द्यायचे.

आणि कमळीने एक गोष्ट धरून ठेवली. आठ दिवसांनी एका दुपारी पाटी उतरवता उतरवता म्हणाली, "मना दिवाल्याला ने. फटफटीवर."

"आपल्याकडं फटफटी कुठं हाय?"

"तूच मेस्त्री ना?"

शब्द टोचला. पण बाळारामने मनावर घेतलं. पुढचं दीड वर्ष तो जुन्या गाड्यांचे भाग एकेक करून जमवत राहिला. एका भंगारवाल्याकडून चासी, एका गिऱ्हाइकाने टाकून दिलेलं इंजिन, श्यामसुंदरने आणून दिलेला दिवा. टाकीला सुनीतीच्या शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांनी निळा रंग दिला. मागची सीट त्याने सगळ्यात शेवटी केली आणि तिच्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवला. रुंद केली, मऊ केली, पाय ठेवायला आडवी फळी लावली, नऊवारीतल्या बाईचा काष्टा चाकात जाऊ नये म्हणून जाळी बसवली. कमळी रोज दुपारी येऊन बसून बघायची आणि सूचना करायची. यातल्या निम्म्या सूचना त्याने ऐकल्याही.

सत्त्याऐंशीच्या नारळी पौर्णिमेला दोघं निघाली. कमळीच्या अंगावर हिरवी साडी, अंबाड्यात अबोलीचा गजरा, मांडीवर भावासाठी नारळ. बेलापूरची टेकडी ओलांडून गाडी दिवाळ्याच्या रस्त्याला लागली. जेटीजवळ बायका जाळी सुकत घालत होत्या, होड्यांना रंग लावलेले, सगळीकडे फुलं आणि गर्दी. बाळारामने कमळीच्या भावाच्या दारात गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "उतर."

कमळी उतरली नाही. दारात कुणीच नव्हतं. सगळी माणसं घरात, होडीच्या पूजेच्या गडबडीत.

"कमळे, आयलो ना आपन. उतर."

"थांब," कमळी म्हणाली. गजरा सारखा केला, नारळ हातात धरला आणि पाठ ताठ करून बसून राहिली. "आवाज दे वहिनीना. आधी तिना भाईर येऊ दे, बघू दे. मंग उतरतंय मी."

बाळारामने पुन्हा किक मारली.